फोन आणि कर्णा यांची बिनतारी ओळख

मुंबईच्या मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडूप यांच्या मध्ये कांजूरमार्ग हे स्टेशन लागते. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, जुने कारखाने आणि पवईला जाणारा रस्ता. पूर्वेला वसाहती, द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे मिठागरे व ठाण्याची खाडी. घराला घर लागून अशी दाट वस्ती. या वस्तीत संध्याकाळी कुणी आपला मोबाईल उघडून जवळचा छोटा ब्लूटूथ स्पीकर शोधू लागला, तर पडद्यावर एक नाव येत नाही, चार-सहा नावे येतात. एक आपल्या स्पीकरचे, एक शेजारच्या घरातल्या दूरदर्शन संचाचे, एक वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी कानातल्या यंत्राचे. मधे भिंती आहेत, पण या यंत्रांना भिंतींचे फारसे सोयरसुतक नाही.

आता पाहा, तार नाही, खूण नाही. मग एवढ्या गर्दीत फोनने आपलाच स्पीकर कसा ओळखायचा? आणि स्पीकरने तरी आपल्याच फोनचे का ऐकायचे? या दोघांची गाठ घालून देण्याला इंग्रजीत पेअरिंग म्हणतात. आपण त्याला जोडणी म्हणू. बटण दाबले, निळा दिवा लुकलुकला, नावावर बोट ठेवले की काम झाले. दहा-वीस सेकंदांचा मामला. पण त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मुंबई-पुण्याच्या मुलुखात घडला आहे. आज तोच सांगायचा आहे.

सुरुवात बिनतारीच्या जन्मापासून करू. विजेच्या लहरी हवेतून, किंबहुना पोकळीतूनही, जातात हे जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ याने १८८८ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९५ साली, कलकत्त्यात आपले जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर असा प्रयोग केला की एका खोलीतून निघालेल्या लहरीने भिंतीपलीकडची घंटा वाजली. बोसांच्या लहरी फार आखूड, काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. पुढे मार्कोनीने लांब लहरी वापरून १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे खूण पाठवली, आणि जगाचे सारे लक्ष लांब पल्ल्याकडे वळले. आखूड पल्ल्याच्या, भिंतीआड घंटा वाजवणाऱ्या त्या प्रयोगाचा वारसा घराघरांत दिसायला आणखी शतक लागले.

आपल्याकडे हवेतून गाणे कधी आले? ऑगस्ट १९२१ मध्ये. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड पुण्यात होते. त्यांच्या विनंतीवरून टाइम्स ऑफ इंडिया आणि टपाल-तार खाते यांनी मिळून मुंबईच्या कचेरीतून गाण्याचा खास कार्यक्रम प्रक्षेपित केला, आणि तो गव्हर्नरांनी पुण्यात ऐकला. घाट ओलांडून, तारेवाचून, गाणे पुण्यास पोचले! ऐकणारा मात्र एक लाटसाहेब. तेव्हापासूनच एक प्रश्न बिनतारीच्या मागे लागला आहे: हवेतले गाणे कुणी ऐकायचे, आणि ते कुणाच्या हुकमाने वाजायचे?

पुढे १९२३ मध्ये मुंबईत हौशी मंडळींचा रेडिओ क्लब निघाला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी खडकी आणि दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी बिनतारी संदेशवहनही सुरू झाले. दौंडच्या माळावर विलायतेचे संदेश उतरू लागले. पण घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारचा परवाना लागे. वर्षाचे १० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. परवान्याची पद्धत मात्र स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. रेडिओचे पुस्तक घेऊन टपाल कचेरीत शुल्क भरायला गेलेली मंडळी आजही आपल्या गावात भेटतील.

आता १९४२ सालाकडे या. त्या एका ऑगस्ट महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. एकमेकींशी त्यांचा काडीइतका संबंध नव्हता. पण दोहोंतली युक्ती सारखी होती.

पहिली मुंबईतली. ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा उषा मेहता या तरुण कार्यकर्तीने आणि तिच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटर लहरीवर तो बोलू लागला. शिकागो रेडिओ या मुंबईच्या पेढीचे नानक मोटवानी यांची साधनांच्या कामी मदत होती. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारी हीच ती पेढी. पोलीस लहरीचा माग काढत फिरत, म्हणून ही मंडळी प्रक्षेपक उचलून जागा बदलीत. आज या इमारतीत, तर काही दिवसांनी त्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला अखेर छापा पडला, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पण जवळजवळ तीन महिने तो आवाज टिकला तो जागा बदलत राहिल्यामुळे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. व्हिएन्नात जन्मलेली चित्रपटनटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी एका युक्तीचे पेटंट मिळाले. पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, रेडिओने दिशा द्यायची तर शत्रू त्याच लहरीवर गोंगाट करून ती बुजवून टाकतो. त्यावर त्यांचा उपाय असा, की जागा नव्हे तर लहरच बदलत राहायची. देणारा आणि घेणारा यांनी एकाच वेळी, आधी ठरलेल्या क्रमाने, एका लहरीवरून दुसरीवर उडी घ्यायची. क्रम ठेवण्यासाठी त्यांनी पियानो आपोआप वाजवणाऱ्या भोके पाडलेल्या कागदाच्या पट्ट्या सुचवल्या होत्या, आणि लहरीही पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८. अशी कल्पना त्याआधीही काही अभियंत्यांनी मांडली होती, आणि अमेरिकेच्या आरमाराने हे पेटंट त्या युद्धात वापरलेही नाही. पण उड्या मारणारी लहर ही कल्पना मागे राहिली. आपल्या टेबलावरच्या स्पीकरमध्ये आज तीच चालते.

स्वातंत्र्यानंतर आपल्यापुढचा प्रश्न लपण्याचा नव्हता, वाटून घेण्याचा होता. रेडिओ थोडे, गावे फार. १९५३ मध्ये पुणे केंद्र सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्या केंद्रावरून युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग झाला. पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. प्रत्येक गावात एक रेडिओ आणि त्याभोवती सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ. अर्ध्या-अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की उठून जायचे नाही, त्यावर चर्चा करायची, शंका असतील त्या केंद्राकडे लिहून पाठवायच्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. परिणाम इतका चांगला दिसला की १९५९ पासून अशी मंडळे देशभर काढण्याची योजना आली. यातली मुख्य गोष्ट लक्षात ठेवा, शिक्षकबंधूंनी तर विशेषच. यंत्र एक होते आणि ऐकणारे वीस. ते काय वाजणार, केव्हा वाजणार हे सर्वांना ठाऊक होते. मंडळाचा संयोजक कोण हेही ठाऊक होते.

मध्यंतरी यंत्र लहान होत गेले. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि काचेच्या दिव्यांचा अवजड रेडिओ जाऊन खांद्यावर अडकवायचा ट्रान्झिस्टर आला. बांधावर, बैलगाडीत, गुराख्याच्या हातात तो पोचला. पुढे १९८० च्या दशकात निओडिमियमचे लहान पण जबर चुंबक निघाले, आणि १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. या तिघांमुळे पूर्वीच्या कर्ण्याचे काम आज पेरूएवढ्या डबीत होते. राहता राहिली होती ती फक्त तार.

ती तार काढण्याचे काम स्वीडनमधल्या लुंड या गावी झाले. एरिक्सन या टेलिफोन कंपनीत १९९४ मध्ये याप हार्टसेन आणि त्यांचे सहकारी एका साध्या अडचणीवर काम करू लागले: फोन आणि कानातले यंत्र यांमधली वायर घालवायची कशी? पुढे इंटेलचे जिम कार्डाक यांनी या कामाला तात्पुरते नाव सुचवले ते दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचे, हॅरल्ड ब्लूटूथ याचे. त्याने भांडणारी माणसे एका राज्याखाली आणली, तसे हे तंत्र भांडणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांना एका भाषेत बोलायला लावील, असा त्यातला भाव. तात्पुरते नाव कायमचे झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मंडळ स्थापले, आणि १९९९ मध्ये पहिले नियम प्रसिद्ध झाले.

आता हे चालते कसे ते थोडे समजून घेऊ. काँग्रेस रेडिओची लहर ४२ मीटरांची होती, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख कंपने. ब्लूटूथची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरांची, अर्ध्या वितेपेक्षा थोडी मोठी, आणि कंपने सेकंदाला सुमारे २४० कोटी. या पट्ट्यात शेजारीशेजारी ७९ वाटा आखलेल्या आहेत. फोन आणि स्पीकर दोघे मिळून सेकंदाला १,६०० वेळा वाट बदलतात. हलगीचा ठेका ऐकून लेझीमवाले सगळे एकदम पाऊल बदलतात ना, तसे. इथे हलगी फोनच्या हाती असते. फोनच्या घड्याळावरून आणि त्याच्या ठराविक क्रमांकावरून पुढची वाट कोणती ते निघते, आणि स्पीकर त्या ठेक्यावर पावले टाकतो. एखाद्या वाटेवर शेजाऱ्याचा वायफाय किंवा मायक्रोवेव्ह शेगडी गोंगाट करीत असेल, तर ती वाट सोडून देण्याची सोय २००३ मध्ये आली. म्हणूनच कांजूरमार्गच्या एका मजल्यावर दहा घरांत दहा गाणी एकदम चालू असली तरी ती एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र ही लहर पाण्यात विरते, आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच. फोन खिशात ठेवून आपण स्पीकरकडे पाठ फिरवली की आवाज कधी कधी तुटतो, त्याचे कारण हे.

ठेका जुळला, पण ओळख? प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक ४८ अंकी द्विमान क्रमांक मिळतो. फोन ‘कोण आहे तिथे?’ अशी हाळी देतो. जो स्पीकर जोडणीसाठी उघडा ठेवला आहे, म्हणजे ज्याचा दिवा भराभर लुकलुकतो आहे, तोच ओ देतो. मग दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात, आणि दोघेही ती आपल्या स्मृतीत जपतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारे करावे लागत नाही, कारण ओळख पटते ती त्या किल्लीवर.

पण किल्ली ठरवायची ती उघड्या हवेत, जिथे शेजारीही ऐकू शकतो. मग ती गुप्त कशी राहायची? पूर्वी चार अंकी आकडा वापरीत, आणि स्पीकरला आकड्यांची बटणे नसल्याने तो बहुधा ०००० ठेवलेला असे. दाराला कुलूप आहे, पण किल्ली उंबऱ्यावर, अशातली गत. २००७ च्या नियमांनी एक गणिती तोडगा आणला. शिक्षकांनी हा फळ्यावर करून दाखवावा. दोघांनी उघडपणे ३ हा आकडा ठरवला. फोनने मनात २ धरले, ३ चा वर्ग केला, आणि ९ असे मोठ्याने सांगितले. स्पीकरने मनात ४ धरले, ३ चा चौथा घात केला, आणि ८१ सांगितले. आता फोन ८१ चा वर्ग करतो: ६,५६१. स्पीकर ९ चा चौथा घात करतो: तेही ६,५६१. दोघांकडे एकच आकडा आला, आणि तो हवेतून कधी गेलाच नाही. एवढ्या लहान आकड्यांत शेजारी मनातला आकडा चटकन ओळखील. म्हणून यंत्रे प्रचंड आकडे आणि उलट न करता येणारे गणित वापरतात. पण तत्त्व हेच.

तरीही एक फट राहते, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. दोन फोन जोडताना दोघांच्या पडद्यावर सहा अंकी आकडा येतो, तो सारखा आहे हे माणूस डोळ्यांनी पाहतो. स्पीकरला पडदाच नाही. त्यामुळे तिथे आकडा पडताळण्याची पायरी गाळलेली असते. किल्ली गुप्त राहते, पण ती आपण नेमकी कुणाबरोबर ठरवली याची खात्री यंत्र देत नाही. ती आपणच द्यायची. स्पीकर उघडा ठेवला तर जो पहिला हात लावील त्याचा तो. दाट वस्तीत असे घडते: घरात अभंग लागलेला असतो, फोन घेऊन कुणी खाली उतरतो, जोड तुटते, आणि क्षणभरात स्पीकरवर शेजारच्या पोराचे भलतेच गाणे सुरू होते. घरचे म्हणतात यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसते. त्याने फक्त दार उघडे ठेवलेले असते.

म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, नवा स्पीकर जोडताना तो फोनच्या अगदी जवळ ठेवावा, बॉक्सवरचे नाव आणि पडद्यावरचे नाव ताडून पाहावे, आणि शक्य असेल तर आपले वेगळे नाव द्यावे. दहा घरांत एकाच कंपनीचे स्पीकर असले की दहा नावे सारखीच दिसतात. दुसरी, काम झाले की स्पीकर बंद करावा, लुकलुकत ठेवू नये. तिसरी, जुना स्पीकर कुणाला दिला किंवा जोडणी सारखी अडू लागली, तर फोनमधून ते नाव काढून टाकावे आणि स्पीकरची स्मृतीही पुसावी. एकाने किल्ली टाकली आणि दुसऱ्याने जपली, तर दोघे एकमेकांना ओळखत नाहीत आणि जोडणी होत नाही. निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच सापडेल. शाळेत चित्रफीत दाखवताना ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, तेही बिघाडाचे लक्षण नव्हे. आवाज दाबून लहान करून पाठवायचा आणि पुन्हा उलगडायचा, यात थोडा वेळ जातो. भाषेच्या पाठाला तो चालतो, गाण्याच्या ठेक्याला खटकतो. तिथे सरळ तार लावावी.

आता पुन्हा परवान्याच्या गोष्टीकडे येऊ. रेडिओ नुसता ऐकायलाही जिथे परवाना लागे, त्याच देशात २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. आज खिशातला फोन ऐकतो आणि प्रक्षेपणही करतो. उषाबेनना ज्या कृत्यासाठी तुरुंग मिळाला, ते कांजूरमार्गचे शाळकरी पोर रोज सहज करते! पल्ला मात्र दहा मीटरांचा. ही मोकळीक लहान नाही. पण मोकळा पट्टा म्हणजे गावची गायरान जमीन. कुणाच्या मालकीची नाही म्हणून सर्वांनी जपायची. उड्या मारणाऱ्या लहरी ती जपतात. गर्दीची वाट दुसऱ्याला सोडतात.

माणसांनी मात्र तेवढे शिकायचे राहिले आहे. लहर दहा मीटरांत थांबते, आवाज थांबत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. आणि खाजगी यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. पण नियमाचे पुस्तक घेऊन कुणी दारोदार फिरत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये किंवा एसटीत एकाने स्पीकर लावला की पन्नास जणांना तो ऐकावा लागतो, आणि त्यातल्या एकालाही कुणी विचारलेले नसते. १९५६ च्या त्या गावांतही एका यंत्राभोवती वीसच माणसे होती. फरक इतकाच की ती आपणहून जमली होती, आणि ऐकून झाल्यावर बोलण्याचा हक्क प्रत्येकाला होता.

शिक्षकबंधुभगिनींनो, दोन खोल्यांच्या शाळेत आज असा स्पीकर पुष्कळ कामाचा आहे. कविता, परिपाठ, इंग्रजीचे उच्चार, आकाशवाणीचा पाठ, सारे एका फोनवरून तीस मुलांना ऐकवता येते. जुन्या श्रोतृमंडळाची रीत तेवढी त्याला लावा. वाजवण्याआधी काय वाजणार ते सांगा, संपल्यावर यंत्र बंद करा, आणि मग मुलांना बोलू द्या. यंत्रांची जोडणी दहा सेकंदांत होते. ऐकणाऱ्यांची जोडणी व्हायला त्यापुढची दहा मिनिटे लागतात, आणि ती द्यायचे काम कुठल्याही यंत्राचे नाही, ते आपले आहे.